हिची हाक

पत्र्याचं काम करणाऱ्याचे कान आधी जातात आणि डोळे मागून, असं पेटीमामा हसत सांगायचे. त्यांचे कान कधीच गेले होते. डोळे शाबूत होते. खाली दुकान, वर घर, आणि दोन्ही जोडणारा अरुंद लोखंडी जिना, एवढंच त्यांचं जग. दुकानात पत्र्याच्या पेट्या बनायच्या, धुराडी, पन्हळी, पिंपांची झाकणं बनायची. पेटीवर गिऱ्हाइकाचं नाव रंगवून द्यावं लागे म्हणून मामा अर्ध्या वयात अक्षरं शिकले होते. अजूनही वाचताना त्यांचं बोट ओळीखालून सरकायचं, ओला रंग पुसला जाऊ नये अशा बेतानं.

मामी वर असायच्या. काही हवं असलं की जिन्याच्या कठड्यावर पळी आपटायच्या. कठड्याचा पाइप खाली मामांच्या ऐरणीला लागूनच उतरला होता. मामांचं कोपर त्याला टेकलेलं असे, आणि कानाला नाही तरी कोपराला ठोका कळे. बायकोची हाक कोपरानं ऐकणारा नवरा म्हणून गल्लीत त्यांची थट्टा व्हायची. "तुम्हा लोकांना तर कान असून ऐकू येत नाही," असं मामा उलट सुनवायचे.

मागच्या वर्षी एका दुपारी मामी जिन्यात पडल्या. मामा नेमके तेव्हा दुकानाच्या पुढच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून एक मोठं धुराडं ठोकत होते. मामी मधल्या वळणावर पडून हाका मारत राहिल्या, घसा बसेपर्यंत. मामा जेवायला म्हणून उठले तेव्हा त्या त्यांना दिसल्या. खुब्याचं हाड जुळलं, पण चाल गेली ती गेलीच. तेव्हापासून मामी जिना चढायच्या त्या प्रत्येक पायरीवर एक पाय टाकून, दुसरा त्याच पायरीवर ओढून घेऊन, मग श्वास घेऊन.

त्यांनी नवऱ्याला एका शब्दानं बोल लावला नाही. तेच मामांना आतून पोखरत होतं. चार ठोके घातले की ते हातोडा खाली ठेवायचे, वर जायचे, दारातून डोकावायचे. "आहे, आहे. अजून आहे," मामी ओठ मोठे करून म्हणायच्या. मामा खाली यायचे, आणि हातोडा उचलेपर्यंत जिवाची घालमेल पुन्हा सुरू. झाकणं वाकडी व्हायला लागली. कडी एकीकडे, कोयंडा भलतीकडे.

शेवटी लेक आली ती खोकाभर सामान घेऊन. नवा फोन, तो उभा करायचा स्टँड, आणि मनगटावर बांधायचा एक काळा पट्टा.

"बाबा, हे बघा. आपण बोलायचं, आणि हा लिहून दाखवतो."

मामी पुढे वाकल्या. "म्हणजे इतक्या वर्षांत ह्यांनी जे ऐकलं नाही, ते आता छापून येणार?"

पडद्यावर अक्षरं उमटली. मामांनी बोट फिरवत सगळं वाचलं आणि म्हणाले, "छापून येऊ दे. वाचायचं की नाही ते माझ्यावर आहे."

लेक हसली. मग तिनं खरी गंमत दाखवली. हा फोन आवाज ओळखायचा. दार वाजलं, पाणी वाहत राहिलं, काच फुटली, की मनगटावरचा पट्टा थरथरायचा आणि काय वाजलं ते त्यावर लिहून यायचं. शिवाय घरातला एखादा खास आवाज त्याला शिकवताही यायचा.

"आईची पळी शिकवू या. मी वर तिच्याजवळ थांबते. मी हात केला की तुम्ही हे बटण दाबा. आणि बाबा, अगदी गप्प राहायचं."

मामा ऐरणीशी बसले. तोंडात सवयीनं रिवेटी, पत्रे जोडायचे बारके खिळे, धरल्या होत्या. काम असो नसो, बसकण मारली की त्यांच्या ओठांत रिवेटी यायच्याच. वरून लेकीनं हात केला. त्यांनी बटण दाबलं. कोपराला पळीचे ठोके कळले. लेकीनं कठड्यावरून वाकून ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे वटारले. मामा गोंधळले. ते गप्पच तर होते. त्यांनी मान डोलावली.

फोननं आवाज शिकल्याचं कळवलं आणि त्याला नाव विचारलं. मामांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं: हिची हाक.

लेक गेली. पुढचे काही दिवस मामा वर न जाता बसू शकले. झाकणं पुन्हा सरळ झाली. रात्री झोपही लागली.

मग एका दुपारी मनगट थरथरलं. हिची हाक. मामा हातातली कात्री टाकून धावले. मामी जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या, पदराला हात पुसत.

"काय झालं?"

मामींचे ओठ हलले. फोन खाली स्टँडवर राहिला होता. मामांना कळलं ते एवढंच की त्यांनी बोलावलं नव्हतं. पुढे त्या आणखी काहीतरी म्हणाल्या, आणि हसून आत वळल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दोनदा. मामा दर वेळी गुडघे दाबत वर जायचे, आणि मामी दर वेळी जिन्याच्या तोंडाशीच असायच्या, कधी ओल्या हातांनी, कधी एक पाय पहिल्या पायरीवर टाकून. बोलावलं का म्हटलं तर मान हलवून नाही म्हणायच्या. फोन खोटं सांगतोय हे मामांना कळत होतं. पण एकदा न ऐकल्याची किंमत त्या बाईच्या खुब्यात होती. खोटी का होईना, हाक आली की उठायचंच.

आठवड्यात ते पार शिणून गेले. हातोडा उचलताना नजर मनगटाकडे. घास घेताना नजर मनगटाकडे. पट्टा काढून ठेवला की मोकळं मनगटही थरथरल्यासारखं वाटायचं.

रस्त्याच्या टोकाला फोनची कव्हरं, काचा, वायरी विकणाऱ्याचं दुकान होतं. फोनला काहीही झालं तरी तो आधी "चार्जर बदला" म्हणायचा, म्हणून त्याचं नाव चार्जरवाला. मामांनी फोन त्याच्यापुढे ठेवला.

"चार्जर नाही बदलायचा," ते आधीच म्हणाले.

चार्जरवाला हसला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं इअरफोन लावला आणि शिकवलेला आवाज उघडला. ऐकला. पुन्हा एकदा ऐकला. मग तो बोलला आणि पडद्यावर त्याचे शब्द उतरले.

"मामा, यात पळी आहे, पण ती मागून. तिच्याआधी तुमची हाक आहे. फोननं हाकच पकडली. पळी सोडून दिली."

"माझी कसली हाक?"

"'अगं, जरा खाली ये.' साफ ऐकू येतंय. तुम्ही रोज हाक मारणार, आणि फोन तुम्हालाच वर पाठवणार." त्यानं मामांच्या खांद्यावर थाप मारली. "ऐकू न येणारी माणसं बोलून जातात, मामा. त्यांना स्वतःला पत्ताही नसतो. माझे आजोबा भिंतीशी भांडायचे."

मामांना हायसं वाटलं. आपणच बडबडतो, एवढंच. वय झालं. ते रस्त्यानं चालू लागले, आणि अर्ध्या वाटेवर त्यांचे पाय थांबले.

बटण दाबलं त्या वेळी त्यांच्या तोंडात रिवेटी होत्या.

घरी येऊन त्यांनी फोन मामींच्या समोर ठेवला. मामी वाटाणे सोलत होत्या.

"मी तुला हाक मारतो?"

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं. पडद्यावर आलं, "हे काय विचारणं? रोज तर मारता."

"मग तू काय करतेस?"

"येते की. पूर्वी खाली येऊन बघायचे, तर तुम्ही आपले पाठमोरे ठोकत बसलेले. तशीच परत चढायचे. हल्ली हाक मारून तुम्हीच वर येता. बरं वाटतं."

मामांनी शेवटच्या ओळीखालून बोट दोनदा नेलं.

"आणि पडलीस त्या दिवशी?"

मामी वाटाणे सोलत राहिल्या. एक शेंग रिकामी निघाली तरी अंगठा तिच्यातून फिरत राहिला. मग त्यांचे ओठ हलले आणि पडद्यावर शब्द आले.

"जाऊ द्या ना ते."

"सांग."

"तुम्ही बोलावलंत म्हणूनच उतरत होते. तुम्हाला लागेल म्हणून बोलले नाही."

त्या दिवशी मामांनी धुराड्याच्या रिवेटी तोंडात धरूनच जिना चढायला घेतला होता. मामी दिसल्या तेव्हा रिवेटी तोंडातून जिन्यावर सांडल्या. त्यातली एक अजूनही वळणावरच्या पत्र्याच्या फटीत अडकलेली होती. रोज पायाखाली येत होती.

त्यांनी बायकोला रिवेटींचं सांगितलं. मामींनी वाटाण्यांचं ताट बाजूला सारलं. मग मामींनी विचारलं, "मग इतकी वर्षं मी कुणाला ओ देत होते?"

रात्री दोघांचं ठरलं. हाक आली तरी जिना उतरायचा नाही. आणि मामांनी काम वरच करायचं, मामींच्या नजरेसमोर. सकाळी त्यांनी हातोडा, लहान ऐरण, रिवेटींचा डबा वर आणला. दुकानाचं रस्त्याकडचं दार आतून लावलं, कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली. पट्टा काढून टाकावा असं वाटलं, पण हात धजावला नाही. एखादे दिवशी खरी हाक आली तर?

दुपार झाली. खिडकीतून ऊन भिंतीवर आलं होतं. मामी दारालगतच्या मोरीशी पाठमोऱ्या उभ्या राहून भांडी घासत होत्या. मामा दाराजवळ, कठड्याला हात पोचेल असे बसले होते, मांडीवर पेटीचं झाकण, ओठांत रिवेटी. समोर स्टँडवर फोन.

मनगट थरथरलं.

हिची हाक.

पडद्यावर एक ओळ आली.

"अगं, जरा खाली ये."

मामींचे हात पाण्यात थांबले. त्या हळूच मागे वळल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या मिटलेल्या तोंडाकडे, ओठांतून डोकावणाऱ्या रिवेटींकडे. मामांनी मान हलवली. नाही.

मामी जागच्या हलल्या नाहीत. नळ तसाच चालू होता.

पुन्हा ओळ आली.

"अगं, जरा खाली ये गं."

मामांनी डाव्या हातानं बायकोचं मनगट घट्ट धरलं. ओलं होतं, थंड होतं. ठरल्याप्रमाणे दोघं थांबली. हाकेला ओ मिळाली नाही तर हाक मारणारा दमतो, असं मामांना वाटलं.

पडद्यावर अक्षरं उमटली.

"आले हं."

मामांनी झटकन वर पाहिलं. मामींचा दुसरा हात त्यांच्या स्वतःच्या तोंडावर होता. घट्ट दाबलेला. डोळे जिन्याकडे.

"किती वेळ लावलास?"

"हात ओले होते. काय हवंय?"

"काही नाही. बस जरा."

बोट न सरकवताही मामांना आता भरभर वाचता येत होतं.

"आज ठोकणं नाही ऐकू आलं."

"कंटाळा आला."

मग काहीच नाही. फोननं कोपऱ्यात छोटी खूण दाखवली, पाणी वाहत असल्याची. मामींनी मागे हात नेऊन नळ बंद केला. खूण गेली.

"वर पाणी वाजत होतं."

"वर आता कोण असणार?"

मामांच्या ओठांतून एक रिवेट निसटली आणि झाकणावर पडली. तिचा आवाज त्यांना आला नाही. मामी मात्र दचकल्या.

"थांबा. बघून येते."

त्यानंतर पडदा कोराच राहिला. मामांनी बायकोचं मनगट सोडलं नाही. उजवा हात लांब करून त्यांनी तळवा कठड्यावर ठेवला, पूर्वी कोपर ठेवायचे तसा.

पाइप खालून थरथरला. एकदा. मग लगेच हलकेच पुन्हा, त्याच पायरीवर दुसरा पाय ओढून घेतल्यासारखा. मग श्वासापुरतं थांबून, पुढच्या पायरीवर.