पुनर्वापराचा रकाना

प्रेम ही मानवी जीवनातली सर्वांत उदात्त भावना आहे. ती देश पाहत नाही, भाषा पाहत नाही, स्थळकाळाची बंधनं जुमानत नाही. तिला जिथं उमलायचं असतं तिथं ती उमलते. या गोष्टीत ती ओल्या कचऱ्याच्या खड्ड्याशेजारी उमलली. नाकाला रुमाल लावून.

खड्डा परदेशातला होता, एवढीच काय ती प्रतिष्ठा. चोवीस मुलं, एक मुख्याध्यापिका आणि एक भूगोलाच्या बाई अशी मंडळी आठ दिवसांच्या शाळा-भेटीवर तिथं गेली होती. भेटीचं अधिकृत नाव ‘संस्कृती, पर्यटन आणि शाश्वत विकास’. संस्कृती सकाळी असायची, पर्यटन दुपारी, आणि उरलेला सगळा वेळ शाश्वत विकासाला, कारण त्याला तिकीट लागत नव्हतं.

भूगोलाच्या बाई चौतीस वर्षांच्या होत्या. गेली दहा वर्षं त्या फळ्यावर टांगलेल्या नकाशात काठीनं देश दाखवत होत्या; एखाद्या देशात स्वतः उभं राहण्याची ही पहिलीच वेळ. आणि पहिल्याच दिवशी यजमान शाळेनं त्यांना कचरा-प्रकल्पावर नेलं. बाहेर पाऊस पडत होता, पत्र्याच्या छपरावर ताशा वाजत होता. यजमान शाळेचे शास्त्राचे मास्तर खड्ड्याच्या काठावर उभे राहून त्यांच्या भाषेत पंधरा मिनिटं तळमळून बोलले. शेजारी निळ्या कामाच्या कपड्यांतला एक उंच माणूस फडक्याला हात पुसत उभा होता. मास्तर थांबले, तसा तो मुलांकडे वळून स्वच्छ आपल्या भाषेत म्हणाला, “हा कचरा आहे. याचं खत होतं.”

बाई बघतच राहिल्या. आपली भाषा ऐकून नव्हे. उरलेली चौदा मिनिटं कुठं गेली म्हणून.

“अहो, ते पंधरा मिनिटं बोलले.”

“हो ना. मलाही वाईट वाटतं.”

“मग तुम्ही एवढंच सांगितलंत?”

“माहिती एवढीच होती. बाकीचं कळकळीचं होतं… ते त्यांच्या हातवाऱ्यांत दिसलंच असेल तुम्हाला.”

बाईंना हसू आलं. हसण्यासाठी रुमाल काढावा लागला, आणि मग वास आला. तरी त्या हसल्या. पुढं काय होणार हे खरं तर तिथंच ठरलं होतं, पण दोघंही सुशिक्षित असल्यामुळं त्यांना कळायला आठ दिवस लागले.

हा माणूस त्या प्रकल्पावर यंत्रं दुरुस्त करायचा. नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी आला आणि राहिला. गावात दोन्ही भाषा येणारा तो एकटाच, म्हणून प्रकल्पानं त्याला आठ दिवस शाळेला दुभाषी म्हणून उसना दिला होता. शिडी देतात तसा.

आता दुभाष्याची अडचण अशी की तो दिवसभर बोलत असतो आणि त्यातलं स्वतःचं काहीच नसतं. संग्रहालयाचे प्रमुख बोलले की तो बोलणार, नगराध्यक्ष बोलले की तो बोलणार, मुख्याध्यापिकांनी आभार मानले की हाही आभार मानणार. स्वतःचं एखादं वाक्य मधे घालावं तर कुणाच्या तरी तोंडी जायचं. म्हणून त्यानं लिहायला सुरुवात केली. प्रकल्पावर येणाऱ्या प्रत्येक गाडीचं वजन एका जाड कार्डावर छापून येतं. गाडी रिकामी होऊन गेली की त्या कार्डाला कुणी विचारत नाही. अशा कार्डांचा गठ्ठा त्याच्या खिशात असे. मागची बाजू कोरी.

पहिलं कार्ड संग्रहालयात आलं. ‘आता प्रमुख विनोद सांगतील. तो मला नीट सांगता येणार नाही. मी खूण केली की मुलांना हसायला सांगा.’ त्यानं भुवई उचलली, बाईंनी बोट उचललं, चोवीस मुलं एकदम हसली. प्रमुखांचे डोळे पाणावले. बावीस वर्षांत त्या विनोदाला कुणी हसलं नव्हतं.

दुसरं कार्ड: ‘तुमच्या छत्रीची एक काडी मोडली आहे. मी यंत्रं दुरुस्त करतो. छत्री हे त्यातलं सोपं यंत्र.’

छत्री दुसऱ्या दिवशी परत आली. मोडकी काडी काढून तिथं प्रकल्पावरची जाड तार बसवली होती. ती छत्री आता एका बाजूनं अशी ताठ उघडायची, की शेजारी चालणाऱ्याला तिच्याखाली आपोआप जागा व्हायची. हे मुद्दाम केलं होतं का, असं बाईंनी विचारलं.

“तार तेवढीच होती,” तो म्हणाला. आणि छत्रीखाली आला.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण या भेटीला एक अट होती, आणि ती मास्तरांनी पहिल्याच दिवशी मोठ्या कागदावर लिहून जेवणघराच्या भिंतीला लावली होती. यजमान शाळेत कचऱ्याची टोपली नव्हती. प्रत्येकाला एक कापडी पिशवी मिळाली होती. आठ दिवसांत जो सुका कचरा होईल तो त्यात टाकायचा आणि स्वतः वागवायचा. शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या पिशव्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या काट्यावर एकदम चढवायच्या. बारा किलोच्या आत बसल्या तर दोन्ही शाळांचा पाच वर्षांचा करार. वर गेल्या तर पुढच्या वर्षीपासून दुसरी शाळा.

मुख्याध्यापिकांनी कराराचं सहीचं पेन घरून आणलं होतं. देखरेख त्यांनी भूगोलाच्या बाईंवर सोपवली, कारण बाई शिस्तीच्या. किती शिस्तीच्या, तर तिसऱ्या दिवशी वर्गप्रतिनिधी मुलीनं चॉकलेटचा कागद मोज्यात लपवला, तो बाईंनी सर्वांदेखत काढायला लावला.

“बाई, एवढासा तर आहे!”

“एवढासा असला तरी तुझा आहे ना? मग टाक पिशवीत. लपवलं म्हणून वजन कमी होत नाही.”

मुलीनं कागद पिशवीत टाकला आणि हे वाक्य डोक्यात ठेवलं.

स्वयंपाकघरातली स्वयंपाकीण हे सगळं दारातून बघायची. तिच्याकडे एवढा मोठा काटा असून ती पीठ मुठीनंच मोजायची. तिला कुणी कारण विचारलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी पर्यटन होतं. मुलं तळ्यात होड्या वल्हवत होती, मुख्याध्यापिका काठावरून ‘वाकू नका’ ओरडत होत्या. बाई आणि दुभाषी बाकावर बसले होते. होडीवाल्यानं फारसं काही सांगितलं नव्हतं, त्यामुळं दुभाष्याला बऱ्याच दिवसांनी तोंड मोकळं मिळालं होतं.

“घरी कोण कोण असतं?”

“आई. आणि आईला सल्ला द्यायला मावशी. दोघी मिळून मला खपवायच्या मागे आहेत.”

“आणि?”

“आठ स्थळं झाली. शेवटच्यानं विचारलं, लग्नानंतर नोकरी सोडाल ना? मी म्हटलं, तुम्ही सोडाल?”

“मग?”

“मग त्याच्या आईनं चहा तसाच ठेवला.”

तो हसला नाही. तळ्याकडे बघत म्हणाला, “माझ्या आईनं सगळा प्यायला असता. ती आणखी मागते.”

बाईंनी छत्रीच्या मुठीवरचा नसलेला डाग पुसला.

“पुढच्या वर्षी… याल?”

“करार झाला तर. मुलांना घेऊन मीच येते, मुख्याध्यापिका म्हणाल्यात.”

“आणि नाही झाला तर?”

“तर कशी येणार? मला काय इथं कुणी बोलावणारं आहे?”

त्यावर त्यानं खिशातून कार्ड काढलं, पेन काढलं… आणि तेवढ्यात एक होडी दुसरीवर आपटली. होडीवाला पळत आला, आणि दुभाष्याला पुढची वीस मिनिटं दुसऱ्याच्या शिव्यांचं सभ्य भाषांतर करावं लागलं. ते कार्ड बाईंना संध्याकाळी मिळालं. त्यावर एवढंच होतं: ‘आहे.’

बाईंनी ते चष्म्याच्या डबीत ठेवलं. चष्मा बाहेर, कार्डं आत, अशी व्यवस्था दुसऱ्या दिवसापासूनच चालू होती. आठव्या दिवशी डबीत एकतीस कार्डं होती आणि ती रबरबँड लावल्याशिवाय मिटत नव्हती.

शेवटच्या सकाळी जेवणघरात सगळे जमले. मास्तरांनी काटा मधोमध आणून ठेवला. आधी पुनर्वापराचा तक्ता भरायचा होता. नियम असा, की जी वस्तू पुन्हा वापरली जाणार ती कचऱ्यात धरायची नाही. पण मालकानं उभं राहून सांगायचं: कशासाठी वापरणार आणि किती काळ. एका मुलानं बाटली दाखवून ‘पेन्सिली ठेवायला, दहावीपर्यंत’ असं सांगितलं. मान्य. मुख्याध्यापिकांनी सत्काराच्या गुच्छाची चंदेरी फीत पुढं केली. “आठवण म्हणून.” मास्तरांनी मान हलवली. दुभाषी म्हणाला, “ते म्हणतायत, आठवण हा वापर नाही.” फीत काट्यावर गेली.

पिशव्या चढल्या. अकरा किलो नऊशे चाळीस.

मुलांनी आरडाओरडा केला, मुख्याध्यापिकांनी पेनाचं टोपण काढलं. फक्त वर्गप्रतिनिधी ओरडली नाही. ती बाईंच्या पर्सकडे बघत होती. नुसती बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर चॉकलेटचा एक कागद स्पष्ट दिसत होता.

बाईंनी तो पाहिला. मग दुभाष्याकडे पाहिलं. मग पर्स उघडली, डबी काढली, रबरबँड काढला आणि एकतीस कार्डं काट्यावर ठेवली.

बारा किलो पंच्याण्णव ग्रॅम.

मुख्याध्यापिकांनी टोपण परत लावलं. “अहो बाई! हे काय काढलंत आता? काय आहे हे?”

“कागद आहेत,” बाई म्हणाल्या. “माझे आहेत.”

मास्तर वाकले, कार्डं पाहिली, प्रकल्पाचा छाप ओळखला, आणि दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्यानं भिंतीकडे पाहिलं. मास्तर भला माणूस होता. त्यांनी तक्ता पुन्हा उघडला, शेवटच्या ओळीवर पेन टेकवलं आणि काहीतरी विचारलं.

आठ दिवसांत पहिल्यांदा दुभाषी गप्प राहिला.

“काय म्हणतायत ते?” बाईंनी विचारलं.

“विचारतायत…” त्यानं घसा साफ केला. “विचारतायत, याचा काही वापर होणार आहे का. नसेल, तर हा कचरा आहे.”

“वाचणार आहे मी ती.”

त्यानं भाषांतर केलं. मास्तरांनी आणखी एक प्रश्न केला.

“ते म्हणतायत, वाचून झालीयत ना एकदा?”

“मग? मी भूगोल दहा वर्षं तोच वाचते.”

मुलं फिदीफिदी हसली. मास्तरांनी लिहून घेतलं, मग पेन शेवटच्या रकान्याकडे सरकवलं. हा प्रश्न काय असणार ते भाषांतराशिवाय सगळ्यांना कळलं. स्वयंपाकीण हातातली परात खाली ठेवून दारात आली.

“किती काळ,” दुभाषी म्हणाला. त्याचा आवाज बाईंना त्या छत्रीखाली यायचा तेवढा जवळून आला.

बाईंनी एकदा मुख्याध्यापिकांकडे पाहिलं, एकदा मुलांकडे. मग मान वर केली.

“जन्मभर. लिहा म्हणावं.”

दुभाष्यानं सांगितलं. पण सांगता सांगता तो थांबेना. एक वाक्य झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मास्तरांचं पेन हवेत राहिलं. स्वयंपाकिणीनं पदराला, म्हणजे कमरेच्या फडक्याला, डोळे पुसले. शेवटी तो थांबला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता.

“अहो,” बाई हळूच म्हणाल्या, “मी एक शब्द बोलले. तुम्ही एवढं काय सांगितलंत?”

“माझं उत्तरही त्यातच घातलं.”

“कशाचं उत्तर? तुम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं.”

“तेच म्हटलं… कुणी विचारीना, म्हणून.”

मास्तरांनी रकान्यात काहीतरी लिहिलं, शिक्का मारला, आणि कार्डं काट्यावरून उचलून अदबीनं डबीत ठेवली. काटा अकरा किलो नऊशे चाळीसवर आला. करार झाला. सहीच्या वेळी पेन चाललं नाही, पण मास्तरांनी दुसरं दिलं. वर्गप्रतिनिधीनं परतीच्या विमानात बाईंच्या शेजारची जागा पकडली आणि ‘आम्हाला कधीचं माहीत होतं’ हे वाक्य चार वेळा ऐकवलं.

पुढच्या वर्षी बाई पुन्हा मुलांना घेऊन गेल्या. लग्न होऊन पाच महिने झाले होते. मावशीला यश आपलंच वाटत होतं, आणि दुभाष्याच्या आईनं खरोखरच आणखी चहा मागितला होता. पहिल्या दिवशी मास्तरांनी काटा जेवणघरात आणला. बाईंनी कौतुकानं त्यावरून हात फिरवला आणि स्वयंपाकिणीला म्हणाल्या, की या काट्यानंच आमचं जुळवलं.

स्वयंपाकीण काहीतरी बोलली. दुभाष्यानं नेहमीप्रमाणे थोडक्यात भाषांतर केलं.

“ती म्हणते, हा रिकामा असला तरी दोनशे ग्रॅम दाखवतो. अकरा वर्षं झाली.”