तीनवर थांबलेली रिंग

टेबलावर सहा कॅमेरे होते, आठ लेन्स, पाच कटिंग आणि गंगाधरकाकांचा चष्मा. माणसं सहा. म्हणजे एकाने चहा घेतला नव्हता... तो अवधूत. समोरच्या खुर्चीवर बसून तो माझ्याकडे बघत नव्हता. फारच काळजीपूर्वक बघत नव्हता.

दर रविवारी आमचा ग्रुप लालबाग-परळमध्ये फोटो काढत भटकतो आणि मग या हॉटेलात बसून एकमेकांच्या फोटोंची चिरफाड करतो. अट एकच : जुनी मॅन्युअल लेन्स. झूम नाही, ऑटोफोकस नाही. जवळ जायचं ते आपल्या पायांनी आणि फोकस करायचा तो बोटांनी रिंग फिरवून. रिंगवर अंतराचे आकडे असतात. सगळ्यात जवळचा पंचेचाळीस सेंटीमीटर. त्याच्या आत सगळं धूसर.

"मित्रा, फोकस कानावर गेलाय, डोळ्यावर हवा," काका माझा फोटो बघत म्हणाले. मित्रा हे माझं नाव. "पाय रोव, श्वास सोड, मग दाब."

मी मान हलवली, पण लक्ष अवधूतकडे होतं. गेले काही रविवार मी जिथे उभी राहते तिथे, जरा मागे, हा असतोच. दादरच्या प्रदर्शनात आमच्या ग्रुपच्या एकाच फोटोला जागा होती आणि ती मला हवी होती. हा माझ्या फ्रेम्स चोरत असणार.

म्हणून आज सापळा लावला होता. मसाला गल्लीतलं एक बंद, राखाडी शटर निवडलं – शहाणा माणूस ज्याचा फोटो काढणार नाही असं – आणि कॅमेरा डोळ्याला लावून उभी राहिले. हवेत मिरचीचा खकाणा होता. थोड्याच वेळात मागून शिंक आली. मी वळले नाही. आणखी एक शिंक.

"अवधूत, तुझं काय?" काकांनी विचारलं.

"आज काही जमलं नाही, काका."

"शटरही नाही?" मी म्हटलं.

"कुठलं शटर?"

"ज्याच्यासमोर दोनदा शिंकलास ते."

काका हसले. "अगं, तू फोटो काढतेस की पंचनामा करतेस?"

"कॅमेरा बघू तुझा?"

"बघ," तो म्हणाला आणि लगेच, "नको!"

तोवर कॅमेरा माझ्या हातात होता. कार्डावर आजचा एकही फोटो नव्हता. पण मॅन्युअल लेन्सची रिंग जिथे सोडावी तिथेच राहते. ती तीन मीटरवर होती.

"शटर तुझ्यापासून आठ-नऊ मीटर तरी होतं. तीनवर काय होतं?"

त्याचे कान लाल झाले. मी कॅमेरा त्याला परत दिला आणि पिशवीतली अंतर मोजायची टेप काढली. "चल."

"निघाल्या टेलरबाई," काका म्हणाले.

गल्लीत तो मिरचीच्या पोत्यांपाशी थांबला. "मी इथे होतो."

"आणि मी?"

"त्या गटाराच्या झाकणावर. उजवा पाय थोडा पुढे."

मी टेप लावली. तीन मीटर, चार सेंटीमीटर.

"न विचारता?" माझा आवाज हवा तेवढा कडक निघाला नाही.

"फक्त फोकस केला गं. बटण कधीच दाबलं नाही. दर वेळी ठरवतो, आधी विचारायचं... आणि मग शिंक येते."

"मागच्या रविवारी आपण परळला होतो. तिथे कुठे मिरची होती?"

"तिथे हिंमत नव्हती."

"आणि प्रदर्शन?"

"मी फोटो दिलेलाच नाही. काकांना विचार."

"विचारणारच आहे." मी झाकणावर जाऊन उभी राहिले. उजवा पाय थोडा पुढे. "आता तूही विचार."

त्याने एकदा नाक पुसलं. मग – "काढू?"

"पाय रोव. श्वास सोड. पण चार सेंटीमीटर चुकतोयस, मी जवळून तपासणार."

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. मी चालू लागले. त्याची बोटं रिंग फिरवत राहिली... दोन... दीड... एक...

"थांब ना, रिंग संपली!"

मी थांबले नाही.

"मित्रा, काहीच दिसत नाहीये."

"मग कॅमेरा खाली घे."

त्याने घेतला. टेपचं एक टोक मी त्याच्या शर्टाच्या बटणावर धरलं, दुसरं माझ्या ओढणीवर.

अडतीस सेंटीमीटर.