अकरातली एक

कुसुमअक्कांनी उंबरठ्यावर पाऊल ठेवलं, दारावरचा रोषदीप पिवळा झाला, आणि त्याच दिवशी घरातली विळी नाहीशी झाली. ती लपवली होती त्यांच्या धाकट्या बहिणीनं, शरयूताईंनी.

रोषदीप आता सांगलीत घरोघरी होते. माणूस कुणावर हात उगारण्याच्या कितीतरी महिने आधी त्याच्या घामातलं रसायन बदलतं, असा शोध लागला होता. हा दिवा तो घाम हुंगायचा आणि धोका दिसला की पिवळा व्हायचा. शंभरात नव्याण्णव वेळा अचूक, असं जाहिरातीत होतं.

आता अक्का म्हणजे झुरळसुद्धा सुपलीत धरून बाहेर सोडणारी बाई. घरात दोघीच. तरीही शरयूताईंच्या तोंडचं पाणी पळालं. विळी शेजारच्या घोरपडेवहिनींकडे गेली, बत्ता माळ्यावर गेला, आणि अक्कांनी केलेला चहा त्या आधी हुंगून पाहू लागल्या. त्यांना स्वतःची लाज वाटे, पण भीती त्याहून मोठी होती.

शेवटी त्यांनी दिव्याचा संशोधक गाठला. पद्मनाभ हेर्लेकर एकेकाळी त्यांच्या चित्रकलेच्या वर्गात होता.

"खरं सांग, अक्का नव्याण्णव टक्के धोक्याची ना?"

"तिथंच सगळे फसतात, बाई. एक लाख माणसं धरा. त्यात खरोखर हात उगारणारी शंभर. दिवा त्यातली नव्याण्णव पकडतो. पण उरलेल्या लाखभर भल्या माणसांत शंभरातल्या एकाला उगाच पिवळा दाखवतो. ती झाली हजार. म्हणजे पिवळ्या अकरा माणसांत खरी धोक्याची एकच."

शरयूताईंचा जीव भांड्यात पडला. पण हेर्लेकर नजर चुकवतोय, हे त्यांना खटकलं.

"काय लपवतोयस, पद्मनाभ?"

"हा हिशेब पहिल्या वर्षाचा, बाई. यंदा अकरांतल्या चौघांनी हात उगारला."

"दिवा सुधारलात?"

"नाही. दिवा तोच आहे. ज्यांच्यावर पिवळा लागला, त्यांच्याशी घरचे कसे वागले, ते आम्ही धरलंच नव्हतं. तुम्ही घरी काही लपवलंत का?"

"छे रे!" शरयूताई म्हणाल्या, आणि तडक घोरपडेवहिनींकडे जाऊन विळी घेऊन आल्या. मुकाट्यानं जागेवर ठेवायची, अक्कांच्या हातचा चहा न हुंगता प्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

त्यांनी उंबरठा ओलांडला, आणि दिवा पिवळा झाला.

अक्का समोरच शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग विळीकडे.

"म्हणजे विळी तू नेली होतीस," त्या हळूच म्हणाल्या. "शरू, ती तिथंच खाली ठेव."

"अगं अक्का, अकरातली एकच खरी असते! मी आत्ताच विचारून आले."

अक्का उठल्या, खोलीत गेल्या, आणि आतून कडी लागली. त्या घरात ती कडी आजवर कुणी लावली नव्हती.

शरयूताईंचं डोकं सणकलं. माझ्यावर संशय? जन्मभर हिची उस्तवार केली, त्या माझ्यावर? आयुष्यात कधी आला नव्हता इतका राग त्यांना आला. दार बडवायला त्यांनी हात उचलला, तेव्हा दुसऱ्या हातात विळी तशीच होती.