चंगीझखानाची बाजू

"चाचणी तीनदा होते," श्वासाचं यंत्र पुढे सरकवत ती म्हणाली. "सिगारेट ओढता?"

"अकरा दिवसांपूर्वी सोडली." समोर इतिहासाचा मास्तर बसला होता, नाकाला चिमटा लावून.

"फुंका... फुंका... अजून, अजून... बास." पहिली फुंकर बरी होती. "का सोडली?" हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. तिनं उगाचच विचारला.

"आमच्या वस्तीच्या ऑनलाइन गटात बसथांब्यावरच्या धूम्रपानबंदीवरून रणकंदन चाललंय. 'खिडकी' नावाच्या कुणी बाई आहेत. म्हणे, थांब्यावर ओढणारे म्हणजे चंगीझखानाची फौज. मी लिहिलं, चंगीझखानाला तंबाखू माहीतच नव्हती."

तिचं पेन थांबलं. खिडकी म्हणजे तीच. म्हणजे हा गटातला तो 'तळटीप'... 'तुमचं तोंडही बघायची इच्छा नाही' असं तिनं आज सकाळीच त्याला ठणकावलं होतं. आणि ते तोंड, चिमट्यासकट, काही वाईट नव्हतं. रागवावं की हसावं, तिला कळेना.

"म्हणजे बंदीच्या विरोधात तुम्ही?"

"छे, बाजूनं. बंदीवाल्यांना हुकूमशहा म्हणणाऱ्यांनाही मी दुरुस्त करतो. दोन्हीकडून शिव्या खातोय."

दुसरी फुंकर झाली. तिचा गोंधळ मात्र वाढतच होता.

"मग सोडली कशामुळे?"

"त्याच बाईंनी एकदा साधंच लिहिलं. 'माझे बाबा जिन्यात तिसऱ्या पायरीवर दम लागून थांबतात, आणि कुणी पाहिलं की बुटाची नाडी बांधायचं नाटक करतात.' त्यावर मला काही दुरुस्ती सुचेना. पाकीट टाकून दिलं."

आता एकच फुंकर उरली होती. गप्प राहिलं तर हा कागद घेऊन निघून जाईल, आणि उद्यापासून पुन्हा नुसता तळटीप. त्यानं नळी तोंडात धरली.

"फुंका... खिडकी मीच."

त्याला असा ठसका लागला की पडद्यावरची रेघ पार वाकडी झाली.

"गेली चाचणी," ती खाली बघत पुटपुटली. "उद्या परत यावं लागेल."

"फक्त चाचणीसाठी?"

तिचे कान तापले. "तुमच्याइतका खडूस माणूस... जगाच्या इतिहासात झाला नाही."

सवयीनं त्याचं बोट वर गेलं. तोंडही उघडलं. मग बोट हळूच खाली आलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "उद्या किती वाजता?"