तळमजल्यावरचा शिक्षक

घरी मावशी तिला बेडूकराणी म्हणायची. कित्येक पावसाळे गुडघाभर चिखलात उभं राहून तिनं बेडकांचे आवाज टिपले होते, आणि ते सगळे आता संस्थेच्या मोठ्या संगणकावर ठेवले होते. अडचण एकच, तो लिनक्सवर चालायचा. ना चित्रं, ना माउसचा बाण. नुसता काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ.

पहिल्याच दुपारी तिनं ‘open’ लिहून पाहिलं. मग ‘frog’. शेवटी हात टेकून ‘please’. दर वेळी तेच कोरडं उत्तर: असा हुकूम मला माहीत नाही.

आणि अचानक पडद्यावर एक ओळ आपोआप उमटली.

‘प्लीजला हा भीक घालत नाही. ls लिहा, एंटर दाबा.’

तिनं दचकून मागं पाहिलं. खोलीत कुणीच नव्हतं. तिनं ls लिहिलं… आणि तिच्या बेडकांची नावं झरझर खाली उतरली.

लिहिणारा होता तळमजल्यावरचा संगणकवाला. नव्यानं शिकणाऱ्यांचा पडदा सुरुवातीला त्यालाही दिसायचा; नको असेल तर बंद करतो, असं त्यानं लगेच कळवलं. तिनं थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘राहू दे.’

मग दुपारची शिकवणीच सुरू झाली. pwd लिहिलं की आपण कुठल्या कप्प्यात आहोत ते कळतं, cd नं दुसऱ्या कप्प्यात जाता येतं, mkdir नं नवा कप्पा तयार होतो. कुठल्या हुकमाबद्दल काही अडलं तर man नावाच्या हुकमाला विचारायचं, तो सगळं समजावतो.

‘त्यालाच तर विचारतेय,’ तिनं लिहिलं, आणि एकटीच लाजली.

अंधारात नुसत्या आवाजावरून बेडूक ओळखणारी ती… पण याचा आवाज कसा असेल, काही केल्या तिला सुचेना. एकदा त्यानं विचारलं, बेडूक एवढे ओरडतात कशाला. मादीनं निवडावं म्हणून, तिनं सांगितलं. पडद्यावर त्याची ओळ उमटली.

‘आणि ज्याला ओरडता येत नाही, तो?’

‘काही जण गप्प बसून राहतात. जवळच.’

चहाला बोलावलं की मात्र त्याला काहीतरी काम निघायचं. फोन नंबर मागितला तर तो विषयच बदलायचा. लग्न झालेलं असणार, मावशीनं निदान केलं. तिचा चेहरा पडला.

एके दिवशी तिला चाचणीचे बिनकामाचे आवाज पुसायचे होते. ‘rm chachni*’ लिहायचं, तर घाईत चांदणीच्या आधी एक जागा मोकळी सुटली. सुटी चांदणी म्हणजे सगळंच्या सगळं, हे त्यानं शिकवलं होतं. तिला ते आठवलं एंटर दाबल्यावर.

तिनं ls लिहिलं. काहीच उतरलं नाही.

ती धावत जिना उतरली.

यंत्रांच्या थंडगार खोलीत, स्वेटर घातलेला एक तरुण ताडकन उठला. त्यानं सगळं पडद्यावर पाहिलंच होतं.

‘का… का… काळ…’ त्यानं डोळे मिटले, ओठ घट्ट दाबले.

पुढचा शब्द तिच्याही जिभेवर होता. पण ती गप्प राहिली.

‘काळजी… नको. नक्कल… आहे.’

रोज पहाटे सगळ्याची नक्कल दुसऱ्या यंत्रावर जायची. त्याची बोटं कळफलकावर सरसर धावली. ती कुठंच अडखळली नाहीत. मग त्यानं हळूच तिच्या कानांवर हेडफोन ठेवला. एक बेडूक डराव डराव करत होता. ती रडतारडता हसली.

म्हणूनच भेटायचं टाळत होतात ना, तिनं विचारलं. त्यानं होकारार्थी मान हलवली. लोक माझी वाक्यं पूर्ण करून टाकतात, त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. घाईनं, दयेनं, आणि बहुतेकदा चुकीची. मग त्याचा हात पुन्हा कळफलकाकडे गेला. तिनं त्यावर आपला हात ठेवला.

‘लिहू नका. मला ऐकायचंय.’

‘वे… वेळ लागेल.’

‘लागू दे.’ ती खुर्ची ओढून बसली.

‘म… मला… तू…’

यंत्रं घुमत होती. तिचे कान तापले. पुढचं तिला केव्हाच कळलं होतं, तरी ती त्याच्याकडे बघत राहिली.

‘…आवडतेस.’

उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं, तर तिचाच शब्द घशात अडकला. तो हसला, आणि हनुवटीखाली हात टेकून निवांत वाट पाहत बसला.

‘मलाही,’ ती शेवटी म्हणाली. ‘तूच.’