पिवळ्या दाराचा पत्ता

चोरी तुम्हीच केलीत. मोठ्या बेटावरच्या कचेरीत बसून, एका कागदावर सही ठोकून, आमच्या गावाची एक्केचाळीस दारं तुम्ही पळवलीत. भिंती पांढऱ्या, दारं निळी, बाकी रंग बंद. का, तर पाहुण्यांच्या फोटोत छान दिसतं! होडी रंगवून उरलेला रंग घराच्या दाराला लावायची इथली रीत. समुद्रावर नारिंगी ठिपका दिसला की नारिंगी दारामागची बाई चुलीवर पातेलं चढवायची. तुम्हाला त्याचं काय!

बेचाळिसावं दार मात्र राहिलं. अनेझिनाचं. पिवळं.

ईस्टरच्या आधीचा मंगळवार होता. अनेझिना गुडघे टेकून गल्लीतल्या फरश्यांच्या फटींत चुना भरत होती. तेवढ्यात ओल्या चुन्यात एक काळा बूट पडला.

"पाय उचला," ती म्हणाली, "नाहीतर तुम्हालाही पांढरं करीन."

"माफ करा... मी अर्गिरिस. कचेरीतून आलोय. ते दार... पिवळं दिसतंय."

"अरे वा! म्हणजे तुमच्या कचेरीत एकाचे तरी डोळे शाबूत आहेत."

तो हसला. नोटीस हातात धरून हसू नये, पण हसला. त्याचा एक दात जरासा वाकडा होता. आपण तो पाहिला याचाच तिला राग आला.

दाराशी ताडून बघायला त्याने निळ्या रंगाचा नमुना काढला, आणि वाऱ्याने तो हातातून उडवला. दोघं गल्लीभर धावली. शेवटी अंजिराच्या फांदीत अडकलेला कागद तिनेच काढला. त्यावर तिची चुन्याची पाच बोटं उमटली. त्याने कागद पुसला नाही. घडी घालून खिशात ठेवला.

पुढच्या मंगळवारी तो दुसरी नोटीस घेऊन आला. त्याच्या पुढच्या मंगळवारी तिसरी. बोट सकाळी यायची, दुपारी चारला परत जायची, आणि नोटीस द्यायला काही सहा तास लागत नाहीत. तिसऱ्या खेपेपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

"काम नाही का रे तुला दुसरं?"

"आहे ना. पण तू ऐकत नाहीस, मग यावं लागतं."

"आणि ऐकलं तर?"

"तर... नको ऐकूस."

पायरीवर दोघं पाव आणि ऑलिव्ह खात होती. शेजारच्या निळ्या दारातून म्हातारे लिनार्दोसकाका तोंड पुसत बाहेर आले.

"अनेझिना, ही बेकरीवाली माझ्या घरात काय करतेय गं? मसुरात मीठ किती घातलंय! बोललो तर मलाच हाकलते!"

"काका, ते तिचंच घर. तुमचं वरच्या गल्लीत."

"मग माझं हिरवं दार कुठे गेलं?"

अर्गिरिस हसला नाही. त्याने काकांचा हात धरून त्यांना घरी पोचवलं. परत आला. बसला, फॉर्म काढला आणि लिहून तिच्यापुढे धरला, फूल द्यावं तसा.

'तपासले. दार निळे आहे.'

"झालं," तो म्हणाला. "आता कोणी त्रास देणार नाही तुला."

ती ताडकन उठली. "वा! ब्रश न उचलता रंगवलंस की माझं दार!"

"तुझ्यासाठी खोटं लिहिलं, अनेझिना! कळलं तर नोकरी जाईल माझी."

"मला नको खोट्याने वाचलेलं दार. बाबा गेले, होडी गेली... हा रंग तेवढा राहिला. तोही कागदावरून पुसतोस?"

बंदरावर बोटीचा भोंगा वाजला. त्याने फॉर्म फाडला, दुसरा घेतला.

"सांग. लिहितो."

"लिही. दार पिवळं आहे, पिवळंच राहील. लिनार्दोसकाकांचं हिरवं दार परत करा. जमत नसेल तर का जमत नाही, ते कळवा."

त्याने सही केली. खाली उत्तराच्या पत्त्याची जागा रिकामी होती. तिथे पेन थांबलं... मग त्याने लिहिलं, 'पिवळे दार'.

तिने दोनदा वाचलं. "हा माझा पत्ता आहे."

"माहीत आहे."

"विचारायची काही पद्धत असते!"

"विचारलं की. लेखी." त्याचे कान लाल झाले होते.

ती समुद्राकडे बघत राहिली. "तुमच्या कचेरीतून उत्तर यायला किती दिवस लागतात?"

"कधीकधी... येतच नाही."

"मग बूट काढ," ती म्हणाली आणि चुन्याची बादली त्याच्याकडे सरकवली. "पायरी राहिलीय."

कागद बोटीने गेला. अर्गिरिस गेला नाही.

त्याला कामावरून काढल्याचं पत्र आठवड्यात आलं, 'पिवळे दार' याच पत्त्यावर. म्हणजे पत्ता तुम्हाला बरोबर सापडतो. दोन ईस्टर उलटले. त्या दारात आता चपलांचे दोन जोड असतात. आणि लिनार्दोसकाका अजून परक्या ताटावर बसतात.

तेव्हा साहेब, त्या कागदावरच्या मागणीचं काय झालं? काकांचं दार कधी देताय? उत्तर द्या.