गलबताचा उत्तररंग

किहीमच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांच्या कडेला सिद्धेशची गाडी उभी होती. गाडी कसली, चाकांवरचं बिऱ्हाडच ते! टपावर सोलर पॅनेल, बाकाखाली जाडजूड बॅटरी, तिच्या शेजारी इन्व्हर्टर. लॅपटॉप, माईक, पंखा, दिवा, सगळा संसार त्यांच्यावर चालायचा. गावोगावच्या कीर्तनकारांना गाडीत बोलवायचं, भिंतींना रजया टांगायच्या, पंखा बंद करायचा आणि त्यांचं कीर्तन नीट टिपून ठेवायचं, हा त्याचा ध्यास. दिवसा खाल्लेलं ऊन संध्याकाळी अभंगाच्या कामी यावं, यापरतं उन्हाचं भाग्य ते काय!

पण परवापासून आभाळ गच्च भरलेलं होतं, आणि आज थांबून चालणार नव्हतं. शिवदासबुवांच्या गळ्यात गाठ निघाली होती. उद्या अलिबागला ऑपरेशन. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. बुवांपाशी गलबताचं आख्यान होतं. गुरूच्या गळ्यातून त्यांच्या गळ्यात उतरलेलं, कुठेही न लिहिलेलं. बुवांचा आवाज गेला की तेही जाणार होतं.

"लिहायचं न्हाय, असं गुरूंनी बजावलेलं हाय," बुवा घोगऱ्या आवाजात हसले. "मशिनीला ऐकवायचं न्हाय, असं काय ते बोलले न्हाईत."

"तवा मशीन होती कुठं?" त्यांच्या पत्नी सगुणाबाई पेटीचा भाता मोकळा करत म्हणाल्या. "आनि आता पुरे करा. गान्यापुरता तरी घसा ठेवा."

बुवा उभे राहिले. फेटा टपाला टेकत होता. समोर श्रोता म्हणून एकटा सिद्धेश, साथीला सगुणाकाकूंची पेटी. तरी बुवांनी असा नमस्कार केला, जणू मांडव खच्चून भरलाय. आवाज फाटत होता, पण सूर जागचा हलत नव्हता. लहानपणापासून देवळाच्या पायरीवर बसून कीर्तनं ऐकलेल्या सिद्धेशच्या अंगावर काटा आला.

पूर्वरंग संपला. काकूंनी बुवांना हार घातला, कपाळाला बुक्का लावला. या आख्यानाची एक रीत होती. हार पडला की उत्तररंग त्याच बैठकीत व्हायला हवा, आणि आरती होईपर्यंत बुवांनी पाय जागचा हलवायचा नाही.

तेवढ्यात इन्व्हर्टर किंचाळला. दिवा गेला. लॅपटॉपही गेला, त्याची स्वतःची बॅटरी फुगली म्हणून सिद्धेशनेच ती काढून टाकली होती. मोबाईलने तर केव्हाच मान टाकलेली. त्याने इंजिनाची किल्ली फिरवली. नुसतं टक् झालं. दिवस निभावा म्हणून सकाळी त्याने इंजिनाची बॅटरीही या संसाराला जोडली होती. तीही पार पिळून निघाली होती.

"आता रं?" काकू म्हणाल्या.

बुवा हार घालून तसेच उभे राहिले.

बाहेरून वीज घ्यायला गाडीच्या कुशीला एक सॉकेट होतं. सिद्धेशने त्यात लांब केबल खोचली आणि ती उलगडत जवळच्या बंगल्याकडे पळाला. फाटकाला कुलूप होतं. त्याने माळ्याला हाका मारल्या. आतून कुणी ओ दिली नाही. हातातला प्लग फाटकाबाहेर वाळूत टाकून तो खालमानेने परत फिरला.

गाडीत दिवा लागलेला होता.

मीटरवर हिरवी खूण होती. बाहेरून वीज येत होती, भरभरून. माळी आला असेल, त्यानेच लावलं असेल. मनातल्या मनात त्याचे आभार मानत सिद्धेशने लॅपटॉप सुरू केला, हेडफोन कानाला लावला आणि खूण केली.

बुवांनी उत्तररंग उचलला, आणि घोगरेपणा कुठल्या कुठे गेला. वादळात भरकटलेलं गलबत, शिडाला धरून बसलेली माणसं, काठावर कंदील धरून उभ्या बायका... काय तो आवाज! पेटीवरचे काकूंचे हातसुद्धा क्षणभर थबकले.

बुवा श्वासाला थांबले की हेडफोनमध्ये काहीतरी ऐकू यायचं. खोकला. बांगड्यांची किणकिण. रडक्या पोराला कुणीतरी गप्प केलं. सुरूची झाडं वाजत असतील, सिद्धेश स्वतःशी म्हणाला.

बुवांनी जयघोष केला. काकूंनी "जय" म्हटलं.

हेडफोनमध्ये सबंध वाडीने म्हटलं.

त्याने हेडफोन काढला. गाडीत फक्त काकू होत्या. बाहेर लाटा.

त्याने तो पुन्हा लावला. दाटीवाटीने माणसं बसली होती.

आरती झाली. बुवांनी पाय उचलला, आणि दिवा विझला.

सिद्धेश खाली उतरला. पश्चिमेला अजून उजेड होता. फाटकाला कुलूप तसंच. प्लग वाळूत, टाकला होता तिथेच.

गाडीभोवती, थेट पाण्यापर्यंत, वाळू दबलेली होती. मांडी घालून बसल्यावर दबते तशी, खळग्याशेजारी खळगा. त्या खळग्यांवर पावलं मात्र एकाचीच उमटली होती. त्याची.

ऑपरेशन नीट पार पडलं. काही दिवसांनी सिद्धेश लॅपटॉप घेऊन वॉर्डात गेला. बुवांच्या गळ्याला पट्टी होती आणि आवाज कायमचा गेला होता. त्याने हेडफोन त्यांच्या कानाला लावला. बुवांची बोटं चादरीवर ताल धरू लागली, डोळे भरून आले.

"सगलं आलं बग," बुवांच्या बोटांकडे बघत काकू सिद्धेशला म्हणाल्या. "अक्षर न् अक्षर वाचलं."

सिद्धेशने ते घरी पूर्ण ऐकलं होतं. आरतीनंतर, वीज गेल्यावरही, माईकच्या अगदी जवळ एक पुरुषी आवाज होता: "फुडचं कीर्तन आमच्याकडं हाय, बुवा. याल ना?" त्यापुढे नुसता समुद्र. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आरती संपताच तो बंद करायला पुढे झाला.

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

हेडफोनमधून तो प्रश्न सिद्धेशलाही ऐकू आला. मग समुद्र.

बुवांचे ओठ हलले.

आणि हेडफोनमधून, त्यांच्याच मोकळ्या, खणखणीत आवाजात शब्द आला, "येतो."